डोळ्याला दिसणारा मोशन ब्लर फोटोत का येत नाही?

स्क्रोलवेडा: जुना ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा) मॉनिटर आणि नवा १२० चा शेजारी-शेजारी लावलेत, नुसत्या डोळ्यांना मोशन ब्लरचा (सरकतं चित्र पुसट दिसण्याचा) फरक सरळ दिसतोय पण फोटो काढला की सगळं मुसळ केरात. यूएफओ टेस्ट (स्क्रीनवर उडती तबकडी सरकवत दाखवणारी वेबसाइट) लावली, मोबाईल स्टँडवर घट्ट बसवला, तर एका यूएफओचे तीन-चार होतात एकमेकांवर चढलेले, आणि गंमत म्हणजे १२० वाल्यात जास्तच गर्दी! महागडा कॅमेरा नाहीये, घ्यायचाही नाहीये. काय चुकतंय?

उघडझाप: कॅमेरा ऑटोवर असेल. शटर १/१००० सेकंद कर, एकच येईल.

संथगती: एकच येईल, पण मग ब्लरच गेला की राव. त्यात फक्त पिक्सेल रंग किती सावकाश बदलतात ते कळतं. तुला जो हवाय तो ब्लर स्क्रीनवर नसतोच मुळी, तो डोळ्यात होतो. एलसीडी एक फ्रेम दाखवते आणि पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवते, ६० ला १६.७ मिलिसेकंद, पण नजर काही थांबत नाही, ती यूएफओमागे सरकतच असते, त्यामुळे चित्र डोळ्याच्या पडद्यावर फासलं जातं. वेग सेकंदाला ९६० पिक्सेल असेल तर ६० ला १६ पिक्सेल फासतं, १२० ला ८. (बॅकलाइट लुकलुकवणारा मोड बंद असेल तर.) म्हणून कॅमेराही नजरेसारखा यूएफओबरोबर सरकवायचा. शटर चार फ्रेम मावतील एवढं, म्हणजे ६० ला १/१५, १२० ला १/३०. फोकस आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) लॉक. स्टॅबिलायझेशन आठवणीने बंद कर, नाहीतर ते आपलं सरकवणंच खोडून काढायला बघतं.

स्क्रोलवेडा: अच्छा म्हणजे स्टँडच नडला! पण सरकवू कशावर, स्लायडर नाहीये

खटपट्या: ड्रॉवरचं जुनं चॅनेल घे, टेबलावर स्क्रीनला अगदी समांतर चिकटव, त्यावर ठोकळा आणि ठोकळ्यावर मोबाईल. सरकवता सरकवता बटण दाबायला जाऊ नको, हिसका बसतो, सरळ बर्स्ट (एकामागोमाग फोटो काढणारा मोड) लाव. यूएफओ फ्रेममध्ये येण्याआधीच हात चालू करायचा आणि तो मोबाईलच्या स्क्रीनवर एकाच जागी राहील असं बघायचं. नंतर फोटोत यूएफओखालच्या खुणा बघ, एकाखाली एक सरळ आल्या तर वेग जुळला, जिन्यासारख्या तिरक्या गेल्या तर तो फोटो टाकून दे. माझे पहिले वीसेक असेच गेले, वैतागू नको.

स्क्रोलवेडा: जमलं!! ठोकळा नव्हता, डबा वापरला. ६० वाला मस्त पसरट आलाय, १२० वाला निम्मा, अगदी डोळ्याला दिसतं तसं. फक्त १२० मध्ये यूएफओच्या मागे एक उजळ कड येतेय, ती माझ्या हाताची का?

संथगती: खुणा सरळ आहेत ना? मग हाताची नाही. मॉनिटरचा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलनी रंग लवकर बदलावा म्हणून दिलेला जादा जोर) जास्त असणार, मेनूत एक पायरी खाली आण आणि परत काढून बघ.