पोळ्याच्या झडत्यांत कोणालाही टोमणा मारण्याची मुभा का असते?

पऱ्हाटीवाला: आमच्या यवतमाळकडच्या गावात पोळ्याच्या दिवशी आखरावर (गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर) तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या, म्हणजे मोठ्याने म्हणायची यमकी कवने, सुरू होतात. कापसाचा भाव, सोसायटीचे कर्ज, पुढाऱ्यांची आश्वासने असे सगळे त्यांत येते. इतकेच नव्हे, तर वर्षभर खाली मान घालून राबणारा सालदारही त्या घडीला मालकाचा चिक्कूपणा त्याच्या देखत यमकात बसवतो. एरवी एवढ्यावरून काम सुटले असते. त्या दिवशी मात्र मालकही हसतो. ही सूट कशामुळे मिळत असावी?

तिफन: मानवशास्त्रज्ञ मॅक्स ग्लुकमन यांनी १९५० च्या दशकात आफ्रिकेतील स्वाझी लोकांच्या वार्षिक विधीविषयी लिहिले, त्यात प्रजा आपल्याच राजाच्या द्वेषाची गाणी गाते. अशा ठरावीक दिवसाच्या बंडाने व्यवस्था मोडत नाही, उलट घट्ट होते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडेही तोंडे मोकळी सुटतात खरी, पण तोरणाखालून पहिली जाते ती मानाचीच जोडी, आणि पोळा फुटल्यावर बोजारा (बैल दारी आणल्याबद्दलची ओवाळणी) मागायला सालदार जातो तो त्याच मालकाच्या दारी.

काळी माती: तिफनभाऊंचे म्हणणे मालकाच्या बाजूने पटते; बोलणाऱ्याला धीर कुठून येतो, हे मात्र त्यातून कळत नाही. माझ्या मते सारी किमया झडतीच्या शेवटात आहे. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ असे म्हटल्याशिवाय झडती पुरी होत नाही, आणि त्या पुकाऱ्याला सगळ्या आखराने साथ द्यायची असते. ज्याच्यावर टोमणा आहे, त्यालाही महादेवाचे नाव घ्यावेच लागते. न घ्यावे तर तो देवावरच रुसला असे दिसेल! शिवाय एका प्रसिद्ध झडतीत खुद्द महादेव दोन पैशांसाठी रडतो आणि पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी असतात. देवाचीच अशी दैना गायली जात असेल, तर पाटलाने कोणत्या तोंडाने रागवावे?

पऱ्हाटीवाला: आपले म्हणणे पटले. अलीकडे मात्र आमच्याकडे झडत्या माईकवर होतात आणि पोरे मोबाईलवर चित्रीकरण करून लगेच गटांवर टाकतात. पूर्वी गर्दीतून आवाज यायचा आणि पुढच्या गजरात विरून जायचा. आता कोण काय बोलला, हे दुसऱ्या दिवशीही दाखवता येते. कदाचित म्हणूनच सावकार आणि मालक यांच्यावरच्या झडत्या कमी होऊन दूरच्या सरकारवरच्या वाढल्या असाव्यात. इतर गावांतही असेच आहे का?

काळी माती: आमच्याकडे सरपंचाने माईक स्वतःच्याच हाती ठेवला आहे, यावरून काय ते समजून घ्यावे.