मदत हवी आहे: क्लॅम्पचा स्लॉट मधोमध फुगतोय
एम१० स्टडसाठी स्ट्रॅप क्लॅम्प (मशीनच्या टेबलावर काम दाबून धरणारी पट्टी) करतोय. २५×१२ मिमी ब्राइट फ्लॅट (कोल्ड ड्रॉन, म्हणजे थंड ओढलेली स्टीलची पट्टी), लांबी १००, स्लॉट ११×५०. दोन्ही टोकांना १०.५ चं ड्रिल, मग १० मिमी एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंड मिल, म्हणजे मिलिंगचा कटर, ७०० आरपीएम, १ मिमीचे कट, शेवटी भिंतींना फिनिश कट. व्हाइसमध्ये असताना माप बरोबर. जबडे सैल केले की टोकांना ११, मधे ११.२. भिंती जेमतेम ७ मिमी, त्यामुळे जबड्यांनी आत दाबल्या जात असाव्यात. पण पट्टीही किंचित वाकते, म्हणजे कोल्ड ड्रॉनचा, ओढताना आत राहिलेला ताणही असणार.

फिनिशआधी व्हाइस सैल करून हलकं आवळावं, की टेबलावर पॅरलल (समान उंचीच्या पट्ट्या) ठेवून टोकांवरून दाबावं? की सरळ ब्लॅक (हॉट रोल्ड, गरम लाटलेला) फ्लॅटच घ्यावा?