समईचे आटे जाम झाले आहेत. पितळेला ओरखडा न पडता ती कशी सोडवावी?

माजघर:
आमच्या घरी आजेसासूबाईंच्या वेळची पितळी समई आहे. बैठक, दोन तुकड्यांचा दांडा, टवळी आणि वरचा मोर असे तिचे भाग एकमेकांत आट्यांनी बसतात. गणपती झाल्यावर ती नेहमीप्रमाणे सुटी करून पेटीत ठेवायची होती, परंतु कोणताच भाग जागचा हलत नाही. चिंचेच्या पाण्यात भिजवून पाहिली, लिंबू आणि मीठ लावून पाहिले. समई बाहेरून लख्ख झाली, आटे मात्र होते तसेच आहेत. घरातील मंडळी आता पाइप-पाना घेऊन सरसावली आहेत आणि मी त्यांना कसेबसे थोपवून धरले आहे, कारण दांड्यावर बारीक कंगोरे आहेत व पान्याचे दात त्यांत रुतल्यावर ते पुन्हा नीट होणार नाहीत. समईत पूर्वी तिळाचे तेल घालत असू, अलीकडे करडईचे घालतो. पितळ खराब न होता ती सोडवण्याचा उपाय कृपया सुचवावा.

रसायनी:
आपण तेलाचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण दुखणे बहुधा तिथेच आहे. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असल्यामुळे तो लोखंडासारखा गंजत नाही. मात्र टवळीतून दांड्यावर ओघळलेले तेल आट्यांत शिरते, हवेतील ऑक्सिजनमुळे हळूहळू घट्ट होते आणि काही वर्षांत त्याचा व्हार्निशसारखा चिवट थर बनतो. करडईच्या तेलात ही प्रवृत्ती अधिक, तिळाच्या तेलात मध्यम, तर खोबरेल तेलात जवळजवळ नसते. चिंच आणि लिंबू आम्लधर्मी असल्याने पितळेवरचा काळपटपणा व हिरवट कळंक काढतात. वाळलेल्या तेलापुढे त्यांचे काही चालत नाही. उलट मीठ घातलेल्या आंबट पाण्यात पितळ फार वेळ राहिल्यास त्यातील जस्त झिजून पृष्ठभागावर तांबूस डाग पडतात, म्हणून तो प्रयोग आता थांबवावा.

वाळलेले तेल अल्कलीने सुटते. लिटरभर कढत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून सांधे त्यात अर्धा तास बुडवून ठेवावेत आणि हातात रबरी मोजे घालावेत. समई नवी आणि लाखेचा चकचकीत लेप दिलेली असती, तर हा उपाय मी सुचवला नसता, कारण कढत सोड्याने तो लेप पांढुरका पडतो. आपल्या समईवर चिंचेचा परिणाम झाला, त्याअर्थी लेप नसावा. तरीही बैठकीच्या तळाशी आधी थोडे लावून पाहावे.

यंत्रशाळा:
वरील मताशी सहमत आहे, मात्र सोड्याच्या आधी प्रत्येक सांध्यापाशी लोहचुंबक धरून पाहावे. काही समयांच्या पोकळ दांड्यात लोखंडी सळई असते आणि आटे तिच्यावरच पाडलेले असतात. चुंबक ओढला गेला तर गंजही गृहीत धरावा लागेल. चुंबक न ओढल्यास सोड्यानंतर सांधा पुसून कोरडा करावा, समई उलटी ठेवून फटीत रॉकेलचे, ते न मिळाल्यास शिलाई यंत्राच्या तेलाचे, काही थेंब सोडावेत आणि रात्रभर झिरपू द्यावेत.

दुसऱ्या दिवशी, ज्या भागाला आतून आटे आहेत तेवढ्याच भागाभोवती कढत पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे आणि आतल्या भागावर गार फडके ठेवावे. दोन्ही बाजूंना पितळच असल्याने सगळी समई सारखी तापवून आट्यांत फट पडत नाही. साठ अंशांच्या फरकाने वीस मिलिमीटर व्यासाची खोबण मिलिमीटरच्या जेमतेम चाळिसाव्या भागाइतकी फाकते, परंतु अडकलेल्या आट्यांना एवढी सूटही पुष्कळ होते.

पकडीसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी. कंगोऱ्यांना धक्का न लागता हात घसरणे थांबते. टवळीला धरून कधीही पिळू नये, तिची कड वाकते. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाब द्यावा, म्हणजे थर तडकतो, आणि मग वरचा भाग वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. समई आडवी घेतली की ही दिशा हमखास चुकते व आटे आणखी आवळले जातात, म्हणून खडूने बाण काढून ठेवावा. तरीही न हलल्यास सांध्याभोवती लाकडी दांडक्याने हलके ठोकत जावे.

तिसरी_आळी:
गॅसच्या ज्योतीवर तापवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. जुन्या समयांच्या दुरुस्तीत अनेकदा कथील-शिशाचा डाग दिलेला असतो आणि तो २०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. शिवाय रॉकेल वापरल्यानंतर समई साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, वास गेल्याची खात्री झाल्याशिवाय तिच्यात वात लावू नये.

माजघर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चुंबक कोठेही ओढला गेला नाही. सोडा, शिलाई यंत्राचे तेल आणि ट्यूबची पट्टी या क्रमाने गेल्यावर बैठक सुटली, पाठोपाठ दांड्याचे तुकडेही सुटले. आट्यांतून गुळाच्या काकवीसारखा तपकिरी चिकटा निघाला. मोर मात्र टवळीपासून हलत नाही, आणि त्या ठिकाणी सांध्याची रेघही दिसत नाही.

यंत्रशाळा:
भिंगातूनही रेघ दिसत नसेल, तर मोर डाग देऊन कायमचा बसवलेला असण्याची शक्यता अधिक आहे. त्याच्यावर जोर करू नये. सुटलेले आटे जुन्या दातघासणीने साफ करावेत आणि पुन्हा जोडताना नळकाम करणारे वापरतात त्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा आट्यांवर घड्याळाच्या दिशेने द्यावा. ओघळणारे तेल त्यामुळे आत शिरत नाही, आणि पुढच्या वर्षी समई हातानेच उघडते.