सोसायटी ग्रुप: ‘गेम खेळा, पैसे मिळवा’ची ती लिंक

ए-१०३ (काकू): काल इथे लिंक आली होती ना, गेम खेळून पैसे मिळतात म्हणून. दुपारी मी रिकामीच असते. खरंच मिळतात का हो?

सी-४०१: मिळतात काकू, पण चणे-फुटाण्यांपुरते. मी गुगल ओपिनियन रिवॉर्ड्सवर सर्व्हे भरतो. २०१३ पासून चालू आहे, फसवणूक नाही. पण अँड्रॉइडवर पैसे हातात येत नाहीत, प्ले स्टोअरचं क्रेडिट जमा होतं.

ए-१०३ (काकू): मग ते पैसे कसले!

बी-२०४: गेमवाल्यांचं गणित सांगतो. नव्या गेमला खेळणारे हवे असतात. तुम्ही तो इन्स्टॉल करून अमुक लेव्हलपर्यंत गेलात की गेम कंपनी मधल्या ॲपला पैसे देते आणि त्यातला चिमूटभर वाटा तुमचा. इथवर सगळं सरळ. गंमत पुढे. पहिल्या दिवशी नाणी धो-धो पडतात. पैसे काढायची मर्यादा १००० नाण्यांची असेल तर ९०० पर्यंत भराभर जाल, मग एकेक नाण्यासाठी जाहिराती बघत बसा. त्या जाहिरातींचे पैसे ॲपवाल्याच्या खिशात केव्हाच गेलेले असतात. कंटाळून सोडलंत तर तुमची ९०० नाणीही त्याचीच. म्हणून आधी किती नाण्यांवर पैसे काढता येतात ते बघा.

डी-३०२: दादा, आणि क्रिप्टोवाले गेम? माझा मित्र फार सांगतो.

बी-२०४: मित्राला ॲक्सी इन्फिनिटी या गेमचं विचार. २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये लोक त्यावर घर चालवत होते. पण खेळायला आधी तीन ‘ॲक्सी’ (गेममधले डिजिटल प्राणी) विकत घ्यावे लागायचे, म्हणजे जुन्यांची कमाई नव्यांच्या पैशांवर. खेळून मिळणाऱ्या टोकनचा, म्हणजे त्यांच्या क्रिप्टो नाण्याचा, भाव कोसळला आणि मार्च २०२२ मध्ये ज्यावर हे व्यवहार चालायचे त्या रोनिन नेटवर्कवरून ६० कोटी डॉलरहून जास्त चोरीला गेले.

डी-३०२: बापरे 😳

ए-५०२: मला टेलिग्रामवर वेगळंच काम आलंय. हॉटेलांना पाच स्टार द्यायचे. पहिले पैसे खात्यात आलेसुद्धा! आता ‘प्रीपेड टास्क’ आहे, थोडे भरले की जास्त परत.

बी-२०४: ताई, थांबा!! एक पैसाही भरू नका. पहिले पैसे म्हणजे गळाला लावलेलं आमिष. पुढे प्रत्येक टास्कला रक्कम वाढत जाते. ग्रुपमध्ये ‘मला मिळाले’ म्हणून स्क्रीनशॉट टाकणारेही त्यांचेच असतात.

ए-५०२: पण वेबसाइटवर माझी शिल्लक चांगली वाढलेली दिसतेय.

सी-४०१: तो आकडा त्यांनीच टाकलेला असतो. काढायला जाल तेव्हा ‘आधी कर भरा’ म्हणतील.

ए-५०२: अगं बाई! तसा मेसेज आलाय आत्ताच.

बी-२०४: काही भरलं असेल तर आत्ता बँकेला फोन करा, उद्यावर टाकू नका. चॅट डिलीट करू नका, तक्रारीला लागेल.

सचिव: कालची लिंक काढली आहे. अशा लिंका इथे टाकू नयेत. (आणि पार्किंगच्या मेसेजला कुणीच उत्तर दिलेलं नाही.)

ए-१०३ (काकू): माझं ते नाण्यांचं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतंय. देऊ का?

बी-२०४: मुळीच नाही काकू! ओटीपी त्यातच येतो. गेमला तुमचे मेसेज कशाला हवेत? काढूनच टाका ते.

ए-१०३ (काकू): अरे पण ८७० झालीत ना माझी 😭