सीडीवरचं 'मेलोदी' म्हणजे नक्की काय?

प्रश्न: फ्रेंच संगीताच्या सीडींवर, म्हणजे फोरे, द्युपार्क वगैरे संगीतकारांच्या, 'मेलोदी' असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे नुसत्या सुरावटी का? आणि मराठीत भावगीत म्हटलं तर चालेल?

उत्तर: सुरावट हा अर्थ आहेच, पण कव्हरवर तो नसतो. तिथे मेलोदी म्हणजे एखाद्या कवीच्या कवितेवर संगीतकाराने केलेलं गाणं. शूबर्टची जर्मन गाणी १८३०च्या दशकात पॅरिसमधे पोचली तीच मुळी या नावाखाली छापून, आणि मग तिथल्या संगीतकारांच्या गाण्यांनाही ते चिकटलं. लोकांच्या तोंडची, कॅफेतली गाणी ती शांसों.

भावगीत जवळचा शब्द आहे कारण दोन्हीकडे आधी कविता असते, पण मेलोदीत पियानोचा सूर न् सूर संगीतकारानेच लिहिलेला असतो, तिथे वादक मनाने काही भरत नाही, म्हणून मी तरी मेलोदीच म्हणेन. द्युपार्कने बोदलेअरच्या कवितेवर १८७०मधे केलेलं 'लँव्हितास्यों ओ व्वायाज' (प्रवासाचं आमंत्रण) घ्या, तीनपैकी मधलं कडवं त्याने सरळ गाळलंय आणि पुढे पियानोऐवजी ऑर्केस्ट्रासाठीही स्वतःच लिहून काढलं.

प्रश्न: मग फ्रेंच बोलताना न ऐकू येणारी अक्षरं गाण्यात कशी काय ऐकू येतात?

उत्तर: हे फार सुंदर आहे! त्याच गाण्यात 'लुक्स, काल्म ए व्होल्युप्ते' (luxe, calme et volupté; ऐश्वर्य, शांती आणि सुखविलास) अशी ओळ आहे. बोलताना 'लुक्स्' एका झटक्यात संपतो, गाताना शेवटच्या मुक्या e ला वेगळा सूर मिळतो, 'लुक्-सऽ'. 'काल्म'मधला e मात्र पुढच्या शब्दाच्या स्वरात मिसळतो. आपणही 'घर्' बोलतो पण वृत्तात 'घ-र' म्हणतो ना, तसंच.

ऐकायला गायक जेरार सूझे आणि पियानोवर डाल्टन बाल्डविन घ्या, सूझे ही अक्षरं इतकी हलकी सोडतो की कविता वाचल्यासारखी कळते. ऑर्केस्ट्रासोबतच्या मेलोदी हव्या तर गायिका रेजीन क्रेस्पँ आणि ऑर्केस्ट्राचे संचालक आन्सेर्मे, १९६३चं डेक्का कंपनीचं रेकॉर्डिंग, एका बाजूला बर्लियोझचं 'ले न्वी देते' (उन्हाळ्याच्या रात्री), म्हणजे कवी गोतिएच्या सहा कवितांची गाणी, आणि सोबत रॅव्हेलचं 'शेहेराझाद'. शब्द समोर ठेवून ऐका, पहिल्यांदा तरी.