बांधावर झाडं हवीत की नकोत? (कोरडवाहू रान, रब्बी ज्वारी)

बांधबंदिस्ती:
उघडा बांध म्हणजे पडीक जमीनच. एकराच्या चौकोनी रानाला साधारण 250 मीटर बांध असतो. मीटरभर अंतरावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, पाल्याच्या खतासाठीचं झुडूप) लावलं तर अडीचशे झुडपं बसतात. रोप बियांपासून केलेलंच घ्या. खोचलेल्या फाट्याला सोटमूळ येत नाही, कोरड्या वर्षी ते आधी वाळतं. वर्षभरानंतर फुलायच्या आत कमरेएवढ्या उंचीवर छाटा आणि पाला रानात पसरा. पाला कोवळा असेल तर लवकर कुजतो, जून झाला की काड्या तशाच राहतात.

शाळूवाला:
झुडपांना माझी हरकत नाही. पण लोक बांधावर ठेवतात ते कडुनिंब आणि बाभूळ! शाळू (रब्बी ज्वारी) उभा असतो साठलेल्या ओलीवर, आणि तीच ओल ही झाडं ओढतात. डिसेंबरात 20 फुटी झाडाची भर दुपारची सावली उत्तरेला 18 फूट पडते. तेवढ्या पट्ट्यात कणीस भरत नाही. पाखरंही त्याच झाडावरून कणसांवर उतरतात. त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. वळवाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे रात्री निंब-बाभळीवर जमतात आणि माद्या जवळच्या रानात अंडी घालतात. उसाला, भुईमुगाला याचा फटका मोठा.

बांधबंदिस्ती:
भुंगेरे एका झाडावर गोळा होतात, हीच तर संधी आहे. पहिल्या वळवानंतर अंधार पडला की फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. मात्र सगळ्या शिवाराने एकदमच करायला हवं, एकट्याने करून भागत नाही. मुळांसाठी पिकाच्या बाजूला, खोडापासून 4-5 फुटांवर, 2 फूट खोल चर मारा. मुळं पुन्हा येतात, म्हणून दर दोन वर्षांनी चर उकरा. खालच्या फांद्या निम्म्या उंचीपर्यंत काढल्या की सावली विरळ होते. उंच झाड उत्तरेच्या बांधावर ठेवा, म्हणजे ज्वारीवर सावली येत नाही.

शाळूवाला:
आपल्या ज्वारीवर येत नाही, शेजाऱ्याच्या ज्वारीवर येते! बांधावरून तंटे उठतात ते असेच. सामाईक बांधावर उंच झाड नकोच. ते ओढ्याकाठी नाहीतर विहिरीपाशी लावा.

लाकूडफाटा:
साग लावणार असाल तर एवढं ध्यानात घ्या: झाड स्वतःच्या रानातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. बांबूचं तसं नाही, 2017 च्या कायदा दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू वृक्ष धरला जात नाही. ओढ्याकाठाला बांबू चालेल, बांधावर नको, त्याची मुळं वरच्याच थरात पसरतात.