मदत हवी आहे: 1/25 स्लिंगशॉट ड्रॅगस्टर – पिळलेली चासी, हेमीच्या वायरी आणि पावसाळ्यातला काळा रंग

सरळरेषा:

नमस्कार मंडळी,

जुन्या अमेरिकन ड्रॅगस्टरची मॉडेल्स करणारं इथे कुणी आहे का? विमानं आणि रणगाडे करणारे बरेच जण ओळखीचे आहेत, ड्रॅगस्टरवाले अजून भेटले नाहीत. काम मध्येच अडलंय म्हणून धागा काढतोय.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्या, सरळ रस्ता आणि पाव मैल, म्हणजे 1320 फूट. 1960च्या दशकात यातल्या सगळ्यात वेगवान गाड्या स्लिंगशॉट प्रकारच्या होत्या. नळ्यांचा लांबच लांब सांगाडा, पुढे तारांच्या आऱ्यांची दोन बारीक चाकं, मागे गुळगुळीत रुंद टायर, त्यांच्या पुढे इंजिन, आणि ड्रायव्हर मागच्या ॲक्सलच्याही मागे. त्याचे पाय ॲक्सलवरून पुढे जायचे, क्लच आणि डिफरन्शियल दोन्ही पायांच्या मधे. इंजिनाचं तेल उडालं तर थेट त्याच्या चष्म्यावर.

मला एकाच फळीवर दोन गाड्या शेजारी शेजारी मांडायच्या आहेत. 8 मार्च 1970 ला कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नावाजलेला ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स याच्या स्वॅम्प रॅट 13 या स्लिंगशॉटचं ट्रान्समिशन सुटतानाच फुटलं. गाडीचे दोन तुकडे झाले, त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. इस्पितळात पडल्या पडल्याच त्याने ठरवलं की पुढच्या गाडीत इंजिन पाठीमागे. मागे इंजिन असलेल्या गाड्या त्याआधीही लोकांनी करून पाहिल्या होत्या, पण त्या सरळ धावत नव्हत्या. गार्लिट्स आणि त्याच्या सोबत्यांनी स्टिअरिंग संथ केलं, म्हणजे चक्र बरंच फिरवलं तरी चाक थोडंच वळेल असं, आणि गाडी ताब्यात आली. ती स्वॅम्प रॅट 14. 1971 ची पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी शर्यत त्याने तिच्यावरच जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत स्लिंगशॉट वरच्या वर्गातून नाहीसे झाले. एका अपघातामुळे अख्ख्या खेळाची गाडी उलटी फिरली, ते मला बघणाऱ्याला एका नजरेत दाखवायचं आहे. मागे इंजिनवाली तयार आहे. पुढे इंजिनवाली अडली आहे.

किट जुना आहे, वापरलेल्या वस्तूंच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला. चासीची एक नळी पिळलेली आहे. सपाट काचेवर ठेवली की पुढचं एक चाक कागदाच्या जाडीच्या कितीतरी वर राहतं. एवढ्या लांब गाडीत ते लगेच दिसतं. गरम पाण्याने सरळ होईल, की सरळ पितळी नळीची नवी चासी करावी?

दुसरं, इंजिन. किटात हेमी (क्रायस्लरचं अर्धगोल ज्वलनकक्षांचं V8 इंजिन) आहे पण मॅग्नेटो, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज पुरवणारा भाग, कुठे बसवायचा तेच कागदावर धड कळत नाही. प्लगच्या वायरी घालायच्याच आहेत, कुठल्या सिलिंडरला कुठली, हे बरोबर हवं.

आणि रंग. गार्लिट्सच्या गाड्या बहुतेक काळ्याच. आमच्याकडे ठाण्यात सध्या धो धो चालू आहे. लॅकर मारलं की पांढुरकी झाक येते. सप्टेंबरपर्यंत थांबायचं का?

कानस:

ड्रॅगस्टर! अहो, या संस्थळावर हा विषय येईल असं वाटलं नव्हतं. मी थोडे केलेत, तेव्हा चासीबद्दल सांगतो.

आधी पाणी. उकळतं अजिबात नको, पॉलिस्टायरीन शंभराच्या आसपास लिबलिबीत होतं आणि बारीक नळी एकदम वाकते. हात बुडवता येणार नाही इतकं गरम, साधारण 65-70 अंश. चासी काचेच्या पट्टीवर दोऱ्याने सैल बांधा, बांधलेलीच पाण्यात सोडा, मिनिटभराने काढा आणि काचेवरच पूर्ण गार होऊ द्या. हाताने उलटा पीळ द्यायला जाऊ नका, नळी जोडाशी तडकते. सुधारणा दिसली तर परत एकदा करा.

पण तुम्हाला खरं विचाराल तर मी पितळच घेईन. खऱ्या गाडीच्या मुख्य नळ्या दीड इंचाच्या आसपास, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या. 25 ने भागा, दीड मिलिमीटर येतो. दीड मिलिमीटरची पितळी नळी मिळते. प्लास्टिकच्या नळ्या साच्यातून सहज निघाव्यात म्हणून बऱ्याचदा जाडच असतात. पितळात केल्यावर गाडी अशी काही हलकी, रेखीव दिसते की दुसरी चालतच नाही.

कृती सांगतो. किटची चासी कागदावर ठेवून बाजूने आणि वरून तिचा आराखडा काढा. तो प्लायवर चिकटवा, नळ्यांच्या दोन्ही बाजूंना टाचण्या ठोका. नळी कापताना चाकूखाली नुसती फिरवत राहा, दाबू नका, म्हणजे तोंड चेपत नाही. आडव्या नळीचं टोक गोल कानशीने खोलगट करा, ते उभ्या नळीवर नीट बसलं पाहिजे. फट राहिली तर डाग (सोल्डर) नुसता भरतो, धरत नाही. फ्लक्स लावा, छोटा डाग द्या. शेजारच्या जोडावर ओला कापूस ठेवा, नाहीतर एक जोडताना दुसरा सुटतो. शेवटी सगळं साबणाच्या पाण्याने धुवा, फ्लक्स राहिला तर रंगाखालून हिरवं फुटतं.

वाइंडर:

सरळरेषा, इंजिनाचं मी बघतो.

आधी हेमी कुठली ते ठरवा. 1957-58 ची 392 असेल तर मूळ डिस्ट्रिब्यूटर मागे, ड्रायव्हरच्या बाजूला. 1964 मध्ये आलेली 426 असेल तर पुढे, तिरका. तुमची गाडी 1970 ची गार्लिट्सची, म्हणजे 426, तेव्हा मॅग्नेटो पुढेच घ्या. 392 वाले पुष्कळ जण पुढचं कव्हर बदलून मॅग्नेटो पुढे आणायचे, त्यामुळे नुसतं पुढे दिसलं म्हणून 426 असं समजू नका. व्हॉल्व्ह कव्हर बघा. दोन्हींत प्लग कव्हरच्या मधूनच आत जातात, त्यामुळे वायरी वरून स्पष्ट दिसतात. तुम्ही हट्ट धरलाय तो योग्यच आहे.

सिलिंडरचे आकडे असे: ड्रायव्हरच्या डाव्या हाताला पुढून मागे 1, 3, 5, 7 आणि उजव्या हाताला 2, 4, 6, 8. ठिणगीचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2. मॅग्नेटोच्या टोपीवरची भोकं याच क्रमाने.

वायर विकत आणू नका. त्या काळच्या प्लगच्या वायरी 7 मिलिमीटरच्या, 25 ने भागून 0.28. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात 32 गेजची एनॅमलची तांब्याची तार मिळते, ती 0.27 आहे. वजनावर देतात, मूठभर घेतली तर आयुष्यभर पुरेल. तार बोटांत धरून एकदा ओढून घ्या, कडक आणि सरळ होते, मग वळण देताना आपोआप टपोरं येतं. मॅग्नेटोच्या टोपीला 0.3 च्या ड्रिलने हाताने भोकं पाडा.

इंधनाच्या नळ्याही विसरू नका. या गाड्यांचं इंधन नायट्रोमिथेन, त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेट्रोलला एका भागाला जवळपास पंधरा भाग हवा लागते तिथे याला दोनपेक्षाही कमी पुरते. म्हणून ही इंजिनं इंधन अक्षरशः ओतून घेत. पुढच्या टाकीपासून पंपापर्यंतची नळी चांगली जाड हवी. किटांत ती बहुतेक वेळा नसतेच, आणि नसली की इंजिन सजावटीचं वाटतं.

चिमटा:

वाखुसा (वाचनखूण साठवली). वाइंडर काका, तारेची टीप सोन्यासारखी आहे.

एक भर. एक्झॉस्टकडेही लक्ष द्या. वर वळलेले झूमी पाइप 1960च्या दशकाच्या मध्यावर आले. 1970 च्या गाडीला तेच हवेत. 1962 ची गाडी करणाऱ्याने मात्र ते लावू नयेत. झूमींचा झोत टायरवरून धूर बाजूला सारायचा, गाडीला खालीही दाबायचा.

आणि किटचा क्रोम काढून टाका. क्रोमवर प्लास्टिकचा गोंद धरत नाही, आणि खाली साच्याची रेघ तशीच लपलेली असते. कपडे धुण्याचं साधं ब्लीच पुरतं, रात्रभर बुडवून ठेवा. घाई असेल तर कॉस्टिक सोडा, हातमोजे आणि चष्मा घालून. ब्लीच आणि संडास धुण्याचं आम्ल एका भांड्यात कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. ब्लोअर (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) मग चकचकीत करू नका, तो डिझेल इंजिनावरून आलेला ॲल्युमिनियमचा 6-71, घासलेल्या भांड्याइतपतच चमकावा. क्रोम ठेवायचाच तर पुढच्या ॲक्सलला आणि पाइपांना.

कानस:

रंगाचं राहिलं. झाक येते ती दमटपणामुळे. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात रिटार्डर थिनर मागा, तो सावकाश उडतो. पण कडक थिनर प्लास्टिक खातो, तेव्हा आधी प्रायमरचे पातळ हात, दोन हातांमध्ये पुरेसा वेळ. एसी चालू असलेल्या खोलीत मारला तर पावसाळ्यातही जमतो, फक्त मास्क लावा आणि वास बाहेर जाऊ द्या. आलेली झाक बहुतेक वेळा रिटार्डरचा हलका फवारा मारला की जाते.

सरळरेषा:

मंडळी, खूप खूप आभार. पितळाचं नक्की केलं. पितळी नळी आणि 32 गेजची तार उद्याच आणतो.

अजून एक शंका. मागचे टायर विनाइलचे आहेत. जुन्या मॉडेल्समध्ये टायरने रिम वितळवलेला बघितलाय. यावर उपाय?

चिमटा:

हो, विनाइल मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पॉलिस्टायरीन खातं. रिमला जिथे टायर टेकतो तिथे प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळा, ताणून, म्हणजे जाडी वाढत नाही. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका. आणि मॉडेल दिवाणखान्यात ठेवणार असाल तर उन्हाच्या खिडकीपासून लांब, गरमीने हे काम लवकर होतं. पितळी चासीचे डाग दिल्यानंतरचे फोटो टाका, जोड कसे आलेत ते बघून पुढचं सांगता येईल.